म्हापशाचा ढीग, कुडाळचा शिंपी

कोकणात कपडा घेताना रंग सगळ्यात शेवटी बघावा. आधी कापड. मुंबईत असताना ऑफिसात एसी होता, त्यामुळे पॉलिस्टरही खपून जायचं. इथे मार्चपासून अंगाला चिकटणारी हवा सुरू होते, जूनपासून पाऊस, आणि पाऊस सरला म्हणून हुश्श करावं तर ऑक्टोबरचा उकाडा दारात उभा. अशा हवेत पॉलिस्टरचा कुर्ता घालून कुडाळ स्टँडवर अर्धा तास एसटीची वाट बघा, पुढचं मला सांगावं लागणार नाही. रेडिमेडच्या दुकानात प्रत्येक कपडा 'प्युअर कॉटन' असतो आणि आतली पट्टी वाचली की निम्मं पॉलिस्टर निघतं. खरं लिनन, म्हणजे जवसाच्या खोडातल्या धाग्याचं कापड, आणि खरं जाड सुती शहरातल्या दुकानांत मिळतं, पण एका शर्टाला तीन-चार हजार मोजायची माझ्या पगाराची ऐपत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. तासिका तत्त्व ज्यांना ठाऊक आहे त्यांना आकडा सांगायची गरज नाही.

तर जुन्या कपड्यांच्या ढिगाकडे मी गेले ती कापडासाठी. पृथ्वी वाचवायला नाही, फॅशन म्हणून तर नाहीच. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली 'थ्रिफ्ट', म्हणजे वापरलेल्या कपड्यांची खरेदी, म्हटलं की लोकांना मोबाइलवरची पांढऱ्या भिंतीसमोर गिरकी घेणारी मुलगी आठवते. ढिगापाशी गिरकी घ्यायला जागा नसते. बाजूला सुक्या बांगड्यांची टोपली असते.

गोव्यातलं म्हापसा आम्हांला लांब नाही. सावंतवाडी, बांदा, पत्रादेवीचा नाका, पेडणे, की आलंच. शुक्रवारच्या बाजारात लोक मयड्याची केळी, सॉसेजच्या माळा, मिरच्या आणि मातीची भांडी घ्यायला जातात. कपड्यांचे ढीग असतात ते कडेकडेला, ताडपत्रीवर. आमच्याकडच्या आठवडा बाजारांतही कधी एखादा ढीग लागतो, पण तिथे बहुतेक माल नवा आणि स्वस्त, म्हणजे पुन्हा पॉलिस्टरच. हणजूणचा बुधवारचा बाजार हिप्पींच्या काळात सुरू झाला. परतीच्या तिकिटाला, नाहीतर आणखी चार दिवस राहायला पैसे हवेत म्हणून ते स्वतःचेच कपडे, कॅमेरे, रेडिओ मांडून बसत. आता तिथे पर्यटकांसाठी नवा मालच जास्त आणि पावसात बाजार उठलेला असतो. मी एकदा जाऊन आले, ऊन खाल्लं, शहाळं प्यायले, परत आले.

शिवाय उत्तर गोव्यातल्या जुन्या घरांतून आता सेकंडहँड कपड्यांची नीटस दुकानं निघाली आहेत. हँगर, उदबत्ती, हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या. ढिगात जो शर्ट शंभराला पडतो तो तिथे नऊशेला. आधी मला राग यायचा. पण त्यांनी तो निवडलेला असतो, धुतलेला, इस्त्री केलेला असतो, छातीचं आणि खांद्याचं माप चिठ्ठीवर असतं, मुख्य म्हणजे आडोशाला जाऊन घालून बघता येतो. ज्या कपड्याला बेतात बसण्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणजे कोट किंवा पँट, तो तिथे घ्यावा. शर्ट, साड्या, नुसतं कापड म्हणून घ्यायचं काहीही असेल तर ढीग.

ढिगात येतं काय आणि कुठून, हे समजून घेतल्यावर माझा हात बराच सुधारला. एकाच ताडपत्रीवर तीन वेगळ्या वाटांनी आलेला माल असतो. पहिला, निर्यातीच्या कारखान्यांतला उरलेला किंवा नापास झालेला. हा जुना नसतोच, नवा असतो. त्याची खूण म्हणजे मानेवरचं ब्रँडचं लेबल अर्धं कापलेलं किंवा त्यावर मार्करची रेघ मारलेली. यात खोट शोधायची. कधी एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब असते, कधी रंगाचा पट्टा पडलेला असतो, कधी फक्त बटण चुकीचं असतं. दुसरा, परदेशातून गाठींमध्ये दाबून आलेला वापरलेला माल. जुने कपडे भारतात आणायला परवाना लागतो. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात असे कपडे निवडून पुन्हा परदेशी पाठवणारे कारखाने आहेत, आणि पानिपतला लोकरी कपडे येतात ते मुद्दाम चिरून, पुन्हा कोणी घालू नयेत म्हणून. त्यांचं सूत काढून तिथे स्वस्त ब्लँकेटं विणतात. या सगळ्या गाळणीतून निसटलेलं बरंच काही देशभरच्या फुटपाथांवर येतं. तिसरा माल आपलाच. दारावर स्टीलची भांडी घेऊन येणाऱ्या बोहारणीला आपण जे देतो ते.

परदेशी माल ओळखायला आतल्या शिवणीतली धुलाईची पट्टी बघायची, मानेवरचं नाव नाही. कमरेच्या वर डाव्या बाजूला बहुधा ती असते. बादलीच्या चित्रावर फुली असेल तर घरी धुवायचं नाही, गोल असेल तर ड्रायक्लीन. कापडाचं नाव कधी इंग्रजीत असतं, कधी भलत्याच भाषेत. 'लाना' लिहिलं असेल तर लोकर, 'सेता' म्हणजे रेशीम. जर्मन 'बाऊमवोले'त वोले, म्हणजे लोकर, दिसते म्हणून फसू नये, तो साधा कापूस. पट्टी कापून टाकलेली असेल तर बोटांवर भरवसा ठेवायचा. लिनन हाताला गार लागतं, मुठीत दाबून सोडलं की सुरकुती तशीच राहते, आणि सुतात मधेमधे जाडसर गाठी दिसतात. पॉलिस्टर मुठीतून सुटतं ते शहाण्या मुलासारखं सरळ. शंका उरलीच तर घरी येऊन शिवणीच्या आतला एक धागा ओढून काडी लावते. सुती आणि लिनन कागदासारखं जळतं आणि राख चिमटीत मऊ भुगा होते. रेशीम-लोकरीला केस जळाल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून काळा टणक मणी होतो. हे ढिगाशेजारी करू नये, विकणारा काडेपेटी बघूनच उठून उभा राहतो.

आता प्रत्यक्ष निवड. जाताना मी अंगाबरोबर बसणारा पातळ टॉप आणि लेगिंग घालून जाते, म्हणजे शर्ट, जॅकेट वरूनच चढवता येतं. पर्समध्ये मापाची टेप असते. घरातला मला सगळ्यात नीट बसणारा कुर्ता मोजून ठेवला आहे: एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंत, काखेखालून आडवं, आणि मानेपासून उंची. साइझच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, एका देशाचा मीडियम दुसऱ्या देशाचा एक्स्ट्रा लार्ज असतो. पँटीसाठी बाजारातल्या बायकांची युक्ती: कंबर बटण लावून आडवी धरायची आणि मानेभोवती गुंडाळायची. दोन टोकं मागे जेमतेम टेकली तर ती साधारण कमरेला बसते. अगदी शास्त्र नाही, पण बऱ्याचदा जमतं.

ढीग डोळ्यांनी बघायचा नाही, हातानं चाळायचा. डोळा छापाकडे, रंगाकडे पळतो. हात कापडाकडे जातो. एका कोपऱ्यापासून सुरू करून एकेक पदर उलटत जायचं आणि हाताला बरं लागलं की ओढून बाजूला, निर्णय नंतर. ढिगाच्या वर जे पसरलेलं असतं ते विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला बोलावण्यासाठी ठेवलेलं असतं. खाली, ताडपत्रीला टेकलेलं, ते सकाळपासून कुणी बघितलेलं नसतं. मात्र जूनच्या तोंडाशी खालच्या थराला हात लावायचा नाही. तिथे ओल धरलेली असते.

बाजूला काढलेल्या प्रत्येक कपड्याची तपासणी उजेडाकडे धरून. काखा आधी. तिथला पिवळा, कडक झालेला डाग हा घाम आणि घामावर लावायच्या स्प्रेमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांचा असतो. क्लोरीनच्या ब्लीचनं तो जायच्या ऐवजी आणखी पिवळा होतो, म्हणून असा शर्ट मी खाली ठेवते. मग कॉलरची घडी, बाह्यांची टोकं, पँटीच्या दोन मांड्यांमधली जागा; कापड विरलं असेल तर तिथून उजेड येतो. डाग असेल तर कशाचा, ते ओळखायचं. हळदीचा डाग साबणानं लाल होतो, पण कडक उन्हात आपणहून उडतो, त्याला घाबरू नये. गंजाच्या डागावर लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवायचं. काजूच्या बोंडाचा तपकिरी डाग असेल तर मात्र कपडा सोडून द्यावा. कापड फाटेल, डाग जाणार नाही, हे काजूच्या बागेत खेळलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. बुरशीचे काळे ठिपके सुती पांढऱ्यावर असतील तर प्रयत्न करता येतो, रंगीत कपड्यावर नाही.

किनाऱ्यावरची आणखी एक भानगड म्हणजे खारी हवा. धातूच्या चेनी इथे लवकर सडतात. पितळेची हिरवी पडते, लोखंडी गंजून अडकते. चेन वरपासून खालपर्यंत चालवून बघते. सरकत्या कडीवर वायकेके असं कोरलेलं असेल तर बरं वाटतं. ही 1934 साली सुरू झालेली जपानी कंपनी, जगभरच्या कपड्यांवर तिच्या चेनी असतात. स्वस्त कपडा शिवणारा चेनीवर आधी पैसे वाचवतो. चेन चांगली म्हणजे कपडा चांगलाच असं नाही, पण शिवणाऱ्याची नियत थोडी कळते.

काही गोष्टी मी घेतच नाही. आतले कपडे, पोहायचे कपडे, ज्यांचं इलॅस्टिक ओढल्यावर करकरतं ते कपडे. बूटही नाहीत, कारण त्यात दुसऱ्याच्या पावलाचा साचा बसलेला असतो. आणि रेक्झिनसारखी चकचकीत नकली लेदरची जॅकेटं तर कितीही सुंदर दिसली तरी नाहीत. त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत सुटतो आणि एका पावसाळ्यात त्याचे पापुद्रे खांद्यावर पडायला लागतात. खऱ्या चामड्याला आपल्याकडे बुरशी येते, पण ती निदान पुसता येते. उलट लोकरीचे कोट, जाड जॅकेटं ढिगात मातीमोल मिळतात कारण इथे त्यांचा उपयोग कुणालाच नाही. एक करड्या लोकरीचा कोट मी घेतला तो घालायला नाही, त्याच्या बटणांसाठी आणि अस्तरासाठी. अस्तर शुद्ध व्हिस्कोसचं, म्हणजे लाकडाच्या लगद्यातून काढलेल्या मऊ धाग्याचं होतं.

भावाचं म्हणाल तर 'कोई भी उठाओ पचास' असा पुकारा असला तरी चांगलं निवडून समोर धरलं की तोच माणूस "ये अलग माल है, दो सौ" म्हणतो. मी एकेक विचारत नाही. चार-पाच एकत्र त्याच्या हातात देते, त्यात एखादा मला नको असलेलाही असतो. तो सगळ्यांचा भाव करतो, मी नको असलेला काढून घेते आणि उरलेल्यांचा भाव पुन्हा करते. त्यालाही हे माहीत आहे आणि मलाही. दुपारी दोननंतर, आवरायच्या वेळेला, भाव आपोआप पडतो. पण तोवर लिनन गेलेलं असतं.

पिशवी घरी आली की पहिला अडथळा आई. "कोणाचे गो हे कपडे? जितो आसा काय मेलो, तुका काय म्हायत?" पहिल्यांदा मी वाद घातला. म्हटलं, जन्मल्यावर मला कशात गुंडाळलं होतंस? जुन्या लुगड्याच्या दुपट्यातच ना? "तां आजयेचां लुगडां. घरातलां." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. आपल्या घरातला जुना कपडा आणि परक्याचा उतरलेला कपडा यांत आपल्या लोकांच्या मनात मोठी दरी आहे. भावंडांचे कपडे घालून आम्ही सगळे वाढलो. मुंबईच्या काकूनं गणपतीला आणलेल्या वापरलेल्या फ्रॉकांवरून बहिणींशी मारामारी केली. तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही. नाव माहीत असलेल्या अंगाचा वास चालतो. आईशी तह झाला तो असा, की पिशवी पडवीच्या आत येणार नाही, कपडे उकळल्याशिवाय तर नाहीच. खरं सांगायचं तर अट शहाणपणाचीच आहे. ढेकणाची अंडी शिवणीत बसून घरात येऊ शकतात.

धुण्याला पडवीच्या बाहेर मागच्या चुलीवरचं पातेलं आहे. पांढरं सुती आणि लिनन धुण्याच्या सोड्याबरोबर उकळायचं. रंगीत सुती आधी कोपरा भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायचं, रंग सोडत असेल तर एकटंच, कोमट पाण्यात. रेशीम आणि लोकर रिठ्याच्या थंड पाण्यात, पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची. गाठीतल्या कपड्यांना एक ठरावीक कुबट, औषधी वास असतो. एका धुण्यानं तो जात नाही. शेवटच्या पाण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर घातलं आणि दोन दिवस ऊन दाखवलं की जातो. व्हिनेगर आणि ब्लीच एका बादलीत कधीही घालू नये, विषारी वायू होतो. ऊन हे सगळ्यात मोठं औषध आणि ते नोव्हेंबर ते मे एवढंच मिळतं. म्हणून माझी खरेदी दिवाळीनंतर सुरू होते आणि आंबा संपताना थांबते. जुलैमध्ये जीन्स धुतली तर ती पंख्याखाली चार दिवस लटकते आणि वाळते तेव्हा तिला ओल्या कुत्र्याचा वास असतो. तेव्हा नवीन आणण्याऐवजी आहे ते सांभाळायचं. कपाटात वाळ्याच्या जुड्या, कडुलिंबाचा वाळलेला पाला, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीही बांधून ठेवायचं नाही.

यानंतरचा टप्पा माझा नाही, शिंपीकाकांचा. पेठेतल्या बोळात त्यांचं दुकान आहे, पायाचं मशीन, भिंतीवर जुन्या कॅलेंडरातला गणपती. नवे कपडे शिवायला त्यांच्याकडे आता फारसं कोणी येत नाही, शाळेचे गणवेशसुद्धा तयार येतात. मी पिशवी उघडली की आधी ते काही बोलत नाहीत, कपडा उलटा करतात. सगळी परीक्षा आतून. शिवणीच्या आत किती कापड सोडलंय, ती माया, ते अंगठ्यानं मोजतात. "बाय, ह्येच्यात माया भरपूर आसा, सैल करूक येता." नाहीतर, "ह्यां फॅक्टरीवाल्यान कडेर कापलेलां, ह्येका हात लावूक नको." हल्लीच्या स्वस्त कपड्यांत माया नसतेच, ओव्हरलॉकची धार आणि संपलं. जुन्या कपड्यांत, विशेषतः हातानं शिवलेल्या पँटींत, मागच्या शिवणीला दीड-दीड इंच कापड मुडपलेलं असतं. माणूस जाड होईल हे शिंप्यानं धरलेलं असायचं.

काय बदलता येतं आणि काय नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले आणि मग ढिगातली निवडच बदलली. कंबर घेणं सोपं, बाही आखूड करणं सोपं, उंची कमी करणं सोपं. खांदा मोठा असेल तर मुंढा उसवून बाही पुन्हा बसवावी लागते, ते काम मोठं आणि शंभराच्या शर्टासाठी कोणी करू नये. म्हणून खांदा नेमका बसणारा कपडा घ्यायचा, बाकी सगळं सैल चालेल. किंवा खांदा इतका मोठा घ्यायचा की तो उतरलेला आहे हे मुद्दामच केलंय असं दिसावं. मधलं काही नको. उंची वाढवायला खालची घडी उसवली तर जुन्या शिलाईची भोकं आणि घडीवरची न उडालेल्या रंगाची रेघ दिसते. गडद कपड्यात ती कधीच जात नाही. काका त्यावरून एक बारीक पट्टी फिरवून देतात, जुन्या साडीच्या काठाची. कोटाच्या आतला बकरम, म्हणजे आकार धरायला घातलेलं कडक कापड, चिकटवलेला असेल तर धुतल्यावर छातीवर फुगे येतात, त्याला इलाज नाही.

त्यांचं सगळ्यात आवडतं काम म्हणजे कॉलर उलटवणं. पुरुषांच्या चांगल्या लिनन शर्टात कापड उत्तम असतं आणि फक्त कॉलरची घडी विरलेली असते, दाढीच्या खुंटांनी. काका कॉलर पट्टीपासून उसवतात, खालची बाजू वर करतात आणि पुन्हा बसवतात. विरलेली बाजू खाली जाते.  "आधी मास्तरांचे शर्ट येयत कॉलर उलटूक. आता कोण कॉलर उलटता? शर्टच उलटो करून फेकतत." या कामाचे ते दीडशे घेतात, म्हणजे शर्टापेक्षा जास्त. सुरुवातीला मैत्रिणी हसल्या. पण मी हिशोब असा मांडते की अडीचशेत लिननचा शर्ट, तोही माझ्या मापाचा.

घालायचं कसं, याबद्दल माझी मतं पक्की आहेत आणि ती सगळ्यांना पटतील असं नाही. एका वेळी अंगावर एकच बोलकी गोष्ट. छापील शर्ट असेल तर खाली साधी पांढरी सलवार. जुना कपडा असेल तर बाकी सगळं नीटनेटकं हवं, नाहीतर माणूस कपाट अंगावर कोसळल्यासारखा दिसतो. इस्त्री हवीच. सुती शर्टांना मी भाताच्या पेजेची खळ देते. निवळ पेज पाण्यात मिसळून, गाळून, त्यात बुडवून अर्धवट वाळल्यावर इस्त्री. शंभराचा शर्ट त्यानंतर शंभराचा दिसत नाही. पावसाळ्यात मात्र खळ बंद, बुरशीला आणि झुरळांना ती फार आवडते.

पुरुषांचे पांढरे सुती शर्ट मी इरकलीवर ब्लाउज म्हणून घालते, खाली खोचून, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. स्टाफरूममध्ये पहिल्या दिवशी एक बाई म्हणाल्या, "ब्लाउज शिवायला वेळ नाही मिळाला का?" दुसऱ्या एकीनं शर्ट कुठून घेतला ते हळूच विचारलं. मोठा, जवळजवळ गुडघ्यापर्यंत येणारा लिनन शर्ट उघडा ठेवून साध्या कुर्त्यावर जाकिटासारखा घालते. त्याला प्लॅस्टिकची बटणं असतील तर काढून करवंटीची लावते. खोबऱ्याच्या करवंटीच्या वस्तू करणारे आपल्याकडे आहेत, बटणं सांगितली की करून देतात. एवढ्यानं सगळा कपडाच बदलतो, आणि तो इथला वाटायला लागतो. परदेशी रेशमी टाय ढिगात दहा-वीस रुपयाला असतात, कारण त्या कुणालाच नको असतात. दोन टाय उसवून सरळ केल्या की कुर्त्याच्या दोन बाह्यांना काठ होतो. एक तशीच कमरेला बांधली तरी पट्टा म्हणून चालते. फाटलेल्या साड्यांत पदर बहुधा शाबूत असतो, त्याची ओढणी. उरलेलं गोधडीला.

वर्गातल्या पोरी हे सगळं बारकाईनं बघतात. एकीनं विचारलं, "मॅडम, हा ब्रँडेड आहे?" मी कॉलर उलटवून मार्करची रेघ मारलेलं लेबल दाखवलं. तिला नाव वाचता आलं आणि ती जरा निराश झाली, बहुतेक मी ते लपवून ठेवायला हवं होतं असं तिला वाटलं. या वयाला जुन्या कपड्याची लाज वाटतेच, त्यात तिची चूक नाही. माझं वय असताना आणि नोकरी हातात असताना ढिगातलं घालणं वेगळं, आणि दुसरं काही परवडत नाही म्हणून घालणं वेगळं.

आता माझ्याकडचंही साठतं. न बसलेलं, न जमलेलं, कंटाळा आलेलं. ते बोहारणीला जातं. उन्हाळ्यात ती पायरीवर येऊन बसते, डोक्यावरची टोपली उतरवते, आणि कपडा हातात घेतल्या घेतल्या उलटा करते. काख, कॉलर, मांडी, तीच ठिकाणं, माझ्या निम्म्या वेळात. यंदा मी तिला एक विरलेला लिनन शर्ट दिला, आणि बहिणीच्या लग्नात मिळालेली, कधीही न नेसलेली जांभळी पॉलिस्टरची साडी. साडी तिनं एकदम मांडीखाली घेतली. "ही टिकते ताई, मजूर बाया घेतात. धुतली की तासात सुकते." लिनन बोटांत चोळून बाजूला टाकलं. "हा पोछ्यात जाणार, गॅरेजवाले घेतात." मी म्हटलं, अगं लिनन आहे. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे काही बोलले नाही. साडीवर ती झाकणाचा डबा द्यायला तयार होती, शर्टावर चहाची गाळणी, तीही तिच्या मते वरची. तेवढ्यात आई आतून आली, डब्यावर टिचकी मारली, पत्रा पातळ आहे म्हणाली, आणि दोघींची घासाघीस सुरू झाली.